तिचं फ्रेंच, त्याची सायकल

म्हैसूरच्या हूटगळ्ळीत बातमी कळायला पेपर लागत नाही, वाळत घातलेले कपडे पुरतात. आमच्या केएचबी कॉलनीतली घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की कुणाकडे पाहुणे आले, कुणाकडे बाळंतीण आली, कुणाची पहिली शिफ्ट आणि कुणाची तिसरी, सगळं दोरीवरून समजतं. परवा शेजारच्या काकू कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकवून उभ्याच होत्या. काकू मूळच्या बेळगावच्या. काका रिटायर झाल्यावर इथंच राहिल्या. हातात मेथीची जुडी, बोटं पानं खुडतायत आणि नजर समोरच्या गच्चीवर.

"काय करालीस गं? इकडं ये जरा. समोरच्यांच्या दोरीवर ते काळं काय आहे? चड्डी म्हणावी तर आत उशी शिवलीय."

"सायकलवाल्यांची असते ती, काकू. चार-सहा तास सीटवर बसायचं म्हणजे बूड सोलवटतं. म्हणून आत पॅड असतं."

"अन् उलटी करून घातलीय, साऱ्या गल्लीला दिसेल अशी!"

"उलटीच वाळवावी लागते. पॅड दमट राहिलं तर पुरळ उठतं."

"तुला बरं सगळं ठाऊक." काकूंनी मेथीची काडी आमच्या बाजूला टाकली, मग आवाज उतरवला. "मी सांगू तुला? त्या दोघांचं काही तरी बिनसलंय. तो पहाटे पाचाला लोखंडी टाचा टकटक वाजवत निघतो. ती खिडकीत बसून पुटपुटते. ज स्वी, त्यु ए, इल ए. मला आधी वाटलं, कुठल्या बाबांनी मंत्र दिला असेल. काल फोनवर काय म्हणाली ठाऊक आहे? 'तू तुझ्या रस्त्यानं जा, मी माझ्या रस्त्यानं येते.' आता काय समजायचं माणसानं?"

मला हसू आवरेना. "अहो काकू, घटस्फोट नाही, सुट्टी आहे ती. दोघं एकाच गावाला निघालेत. ती रेल्वेनं, तो सायकलनं. ती तिकडं फ्रेंचच्या वर्गाला बसणार, तो आसपासच्या रस्त्यांवर सायकल मारणार."

"कुठं?"

"पाँडिचेरीला."

काकूंनी मेथी बाजूला ठेवली. हे लक्षण गंभीर.

"फ्रेंच कशाला शिकालीय? कॅनडाला जायचं असणार. माझ्या भाचीच्या जावेनं तेच केलं."

काकूंचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. कॅनडानं २०२३ पासून एक्स्प्रेस एंट्रीमध्ये फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी निवड सुरू केली आणि तेव्हापासून आयटीतल्या घराघरांत फ्रेंचचे क्लास लागले. पण त्यासाठी लागते ती टीईएफ किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा, आणि तिचा निकाल दोनच वर्षं चालतो. समोरची करतेय ती डेल्फची तयारी. ते प्रमाणपत्र जन्मभर टिकतं. म्हणजे प्रकरण हौसेचं. तिच्या कंपनीचं गिऱ्हाईक फ्रान्सचं आहे, मीटिंगमध्ये ते लोक आपापसांत काय बोलतात ते कळावं, एवढीच तिची इच्छा.

"हौसेपायी नवऱ्याला रस्त्यावर सोडलं होय?" काकू म्हणाल्या, तेवढ्यात गेट वाजलं. समोरची स्वतःच आली होती, सोप्पूवाल्याकडून पालक घ्यायला. काकूंनी तिला भिंतीपाशी बोलावून घेतलं. हूटगळ्ळीत आरोपीला बाजू मांडायची संधी लगेच मिळते.

"ये गं पोरी. पाँडिचेरीला चाललीस म्हणे? मग फ्रान्सलाच का नाही गेलात?"

समोरची नागपूरची, बोलायला मोकळी. "जाणारच होतो काकू. व्हिशीला." दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचं सरकार जिथून चाललं, तेच हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथं १९६४ पासून काव्हिलाम नावाची फ्रेंच शिकवणारी मोठी संस्था आहे. गावापासून थोडं लांब गेलं की ओव्हेर्न्यचे जुने ज्वालामुखी, सायकलसाठी चढ-उताराचे शांत रस्ते. तिला वर्ग, त्याला डोंगर. दोघांनी हिशोब मांडला. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो, नाकारला तरी परत नाही. वर निदान ३०,००० युरोचा प्रवास विमा. सायकल न्यायची तर पेडल काढा, हँडल वळवा, खोक्यात बसवा, विमान कंपनीला वेगळे पैसे मोजा.

"हे सगळं एक वेळ केलंही असतं," ती म्हणाली, "पण यांना चढायचा होता प्युई द दोम. १४६५ मीटर उंच, टूर द फ्रान्समधला नामी घाट. २०१२ पासून वर दातेरी चाकाची रेल्वे जाते आणि तो रस्ता सायकलला बंद! २०२३ साली टूर तिथून गेली, पण आपल्यासारख्यांनी खालूनच नमस्कार करायचा. तेव्हापासून यांचं मन उडालं. म्हणाले, मग मों व्हाँतूला जाऊ."

"ते काय आणखी?"

"दक्षिणेतला डोंगर. १९०९ मीटर. बेद्वाँ गावातून चढायला लागलं की वर पोचेपर्यंत एकवीस किलोमीटर."

मी म्हटलं, "काकू, आपल्या चामुंडी एकीवर एक पाच रचल्या की तेवढा चढ."

"मग मी सांगितलं," समोरची म्हणाली, "त्या डोंगराच्या पायथ्याशी मी फ्रेंच कुणाकडून शिकू, मेंढपाळाकडून? गाव ठरवायचं ते वर्गानं. रस्ता काय, कुठंही मिळतो. चांगला शिक्षक आणि आपल्या पातळीची तुकडी कुठंही मिळत नाही."

मला विचाराल तर सगळ्या भानगडीतलं शहाणपण त्या एका बोलण्यात होतं. ज्याची वेळ बांधलेली, त्याच्या सोयीनं गाव. ज्याची वेळ मोकळी, त्यानं जुळवून घ्यायचं. सायकलवाला पहाटे पाचाला निघाला काय किंवा सहाला निघाला काय, डोंगर हजेरी मांडत नाही. वर्ग मांडतो.

पाँडिचेरी त्यांना पटली ती अशी. फ्रेंच शिकवणारी आलियाँस फ्राँसेज ही संस्था पॅरिसला १८८३ साली स्थापन झाली आणि सहा वर्षांत, १८८९ला, पाँडिचेरीत तिची शाखा निघाली. तिथली लिसे फ्राँसे तर १८२६ची शाळा. फ्रेंचांनी १ नोव्हेंबर १९५४ला कारभार सोडला, कागदोपत्री हस्तांतर १९६२ साली झालं, तरी फ्रेंच नागरिकत्व असलेली घरं आजही तिथं आहेत. रू द्युमावरच्या नोत्र दाम देझांज चर्चमध्ये तमिळ, इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही प्रार्थना चालते.

"पण रस्त्यावर तर तमिळच बोलतात की," काकूंनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "आम्ही गेलतो ना. इडली मागायला कुठं लागतंय फ्रेंच?"

"लागत नाहीच," ती म्हणाली. "म्हणून पहिली पायरी मी घरीच चढतेय. ए-वन व्हायला शंभरेक तास अभ्यास लागतो. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीत तो बसवायला गेले तर सुट्टी क्रियापदं घोकण्यात जायची. घोकंपट्टी इथं, बोलणं तिथं. सकाळी वर्ग, दुपारी वाचनालय, संध्याकाळी समुद्रावर बसून जे कुणी फ्रेंच बोलेल त्याच्याशी गप्पा."

"आणि नवऱ्याशी?"

"नवऱ्याशी मराठी बोलायचं नाही!"

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

यात मात्र खोच आहे. परक्या भाषेच्या वर्गाला जाणाऱ्याबरोबर घरचं माणूस असलं की शिकवणं पाण्यात. वर्गातून बाहेर पडलं की पहिलं वाक्य "काय गं, जेवलीस का?" आणि दिवसभर जमवलेलं फ्रेंच तिथंच सांडतं. म्हणून फ्रान्समधल्या भाषाशाळा शिकणाऱ्याला एखाद्या स्थानिक कुटुंबात ठेवतात. रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर, गप्पा त्यांच्याच भाषेत. बरोबर आलेला नवरा दिवसभर खोलीत लोळत पडणारा असला तर विचारायलाच नको. त्याला कंटाळा येतो, तो तिला फिरायला चल म्हणतो, ती वर्ग बुडवते, मग दोघं भांडतात. सायकलवाला नवरा इथं कामाला येतो. तो पहाटे नाहीसा होतो आणि परत येतो तेव्हा त्याच्यात भात, झोप आणि आंघोळ यापलीकडे काही मागायचं त्राण नसतं.

"असा नवरा पूर्वी मिळाला असता तर मी कोकणीसुद्धा शिकले असते," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी त्याच्या वाटेची चौकशी केली. बेंगळुरूपर्यंत नवा हायवे धरेल, असं काकूंना वाटलेलं. पण १ ऑगस्ट २०२३ पासून त्या एक्स्प्रेसवेच्या मुख्य रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि सायकल, सगळ्यांना बंदी. सर्व्हिस रोडनं जाता येतं, पण तिथं प्रत्येक गावापाशी म्हैस, बस आणि नारळपाण्याची गाडी एकाच वेळी आडवी येते. म्हणून त्यानं खालचा रस्ता निवडलाय. म्हैसूर, बन्नूर, मळवळ्ळी, कनकपुरा, आनेकल, होसूर. तिथून कृष्णगिरीला उतरायचं, मग चेंगम, तिरुवण्णामलै, जिंजी, तिंडिवनम आणि पाँडिचेरी. चारशेच्या वर किलोमीटर. होसूरपर्यंत पठारावरच, वर-खाली, वर-खाली. त्यानंतर एकूण हिशोब उताराचा, कारण शेवटी समुद्र. परत येताना तोच सगळा चढ, म्हणून येताना सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये सामान म्हणून टाकायची. हँडल आणि गिअरवर गोणपाट बांधायचं, पावती जपायची.

"आणि तू कशी जाणार?"

"बेंगळुरूहून चालुक्य एक्स्प्रेस."

"म्हणजे आमच्या बेळगावावरून येणारी!" काकू खूश झाल्या. खरंच, दादरहून निघणारी ही गाडी पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी करत बेंगळुरूवरून पाँडिचेरीला जाते. मुंबई-पुण्याच्या वाचकांनाही फ्रेंचचा वर्ग असा एका तिकिटावर आहे. फक्त ती रोज सुटत नाही, हे वेळापत्रक बघताना लक्षात ठेवावं.

एवढं ऐकून काकू गप्प झाल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या मध्येच म्हणाल्या, "थांब थांब. जिंजी म्हणालीस? म्हणजे आपली जिंजी? राजाराम महाराजांची?"

"तीच की."

"मग तिथं चाललाय म्हणून आधी का नाही सांगितलंस? उगाच फ्रेंच, फ्रेंच करालीस."

आता काकूंना आवरणं कठीण. शाळेत इतिहासाला बक्षीस मिळालेलं, ते आजही बाहेर येतं. १६७७ला शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले आणि त्यांनी जिंजी घेतली. रायगड पडायच्या बेतात आल्यावर राजाराम महाराज १६८९ साली वेष पालटून तिथंच पोचले आणि १६९८ला किल्ला मोगलांच्या हाती जाईपर्यंत मराठ्यांचं राज्य तिथून चाललं. मोगलांचा झुल्फिकारखान वेढा घालून बसला, वर्षामागून वर्षं गेली.

"आणि काकू," समोरची हळूच म्हणाली, "महाराज दक्षिणेत आले तेव्हाची बारीकसारीक हकिकत कुणी लिहून ठेवलीय माहितेय? फ्रान्स्वा मार्तां. पाँडिचेरीची वखार १६७४ला त्यानं बसवली. जवळपासचा सुभा शेरखान लोदीचा. महाराजांनी त्याचा पाडाव केला, तशी मार्तांनं घाईघाईनं आपला माणूस महाराजांकडे बोलणीला पाठवला. त्याच्या आठवणींची पुस्तकं फ्रेंचमध्ये आहेत. मला ती मुळातून वाचायचीत."

काकू बघतच राहिल्या. मीसुद्धा. आम्ही आपलं तिच्या फ्रेंचला क्रोसाँ आणि कॅनडा यांच्यात अडकवून बसलो होतो.

पुढचं मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. १६९३ला डचांनी पाँडिचेरी घेतली, तेव्हा तो मुलूख जिंजीहून राजाराम महाराजांच्याच अखत्यारीत होता. फ्रेंचांना गाव परत मिळालं ते युरोपातल्या १६९७च्या तहानं. पुढं १७५०ला फ्रेंच सेनापती बुसीनं जिंजीच काबीज केली आणि १७६१ पर्यंत तिच्यावर फ्रेंचांचं निशाण राहिलं. पाँडिचेरीतला आजचा लालबहादूर शास्त्री रस्ता म्हणजे जुना रू बुसी. तिचा वर्ग त्याच परिसरात, त्याची सायकल सत्तर किलोमीटरवरच्या त्याच किल्ल्याकडे. जुलै २०२५मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावी जिंजी.

"जिंजीच्या राजगिरीवर सायकल जाते का?" काकूंचा प्रश्न.

"नाही हो. खाली कुलूप लावायचं आणि पायऱ्या चढायच्या. आठशे फूट असेल. त्या बुटांच्या टाचांनी दगडी पायऱ्यांवर घसरायला होतं, म्हणून चपला पाठीवर बांधून नेणार आहेत."

"तेवढं डोकं चालतंय म्हणायचं."

त्याचा सरावही गल्लीतल्या सगळ्यांना पाठ झालाय. आठवडाभर रिंग रोड, एखाद्या दिवशी चामुंडी, रविवारी केआरएस धरणावरून पांडवपुर. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. पांडवपुरचं जुनं नाव फ्रेंच रॉक्स. टिपूच्या पदरी असलेल्या फ्रेंच फौजेची छावणी तिथं होती, त्यावरून पडलेलं. येताना श्रीरंगपट्टणला वळलं की गंजाममध्ये आबे द्युब्वाचं चर्च. हा फ्रेंच पाद्री १७९९ला टिपू पडल्यावर इथं आला, इथल्यासारखा पेहराव करून, इथलंच खाऊन राहिला. लोक त्याला दोड्ड स्वामी म्हणत. देवीची लस टोचायच्या मोहिमेतही तो पुढे होता. हिंदूंच्या रीतिभातींवर त्यानं लिहिलेलं बाड ईस्ट इंडिया कंपनीनं विकत घेतलं आणि १८१६ला इंग्रजीत छापलं. १८२३ला तो फ्रान्सला परतला.

"म्हणजे तो आला, राहिला, आपली भाषा शिकला, लिहून ठेवलं, गेला," काकू म्हणाल्या. "तू तिकडं जाऊन तसंच कर."

"मला दोन-तीन आठवडेच मिळालेत, काकू!"

"मग निदान पाव तरी नीट मागायला शिक."

नवऱ्याच्या डोक्यात काय आहे ते तिनं जाता जाता सांगितलं. त्याला पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस करायचीय. १८९१ पासूनची ही स्वारी हल्ली दर चार वर्षांनी होते. १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास, झोप त्यातच बसवायची. मागची २०२३ला झाली, पुढची २०२७ला. आधी त्याच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पुऱ्या केल्या तरच नाव घेतात. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ला अमेरिका आरपार करणारी रॅम ही शर्यत दोघांच्या संघानं पुरी केली, तेव्हापासून मराठी घरांत असली खुळं फोफावली आहेत. ब्रिटनीच्या खेड्यांत रात्री-अपरात्री लोक रस्त्याकडेला टेबल मांडून सायकलवाल्यांना कॉफी देतात. तिथं बायकोला बोलता आलं तर बरं, असा त्याचा मतलब. म्हणजे तिच्या वर्गात त्याचाही स्वार्थ आहे आणि त्याच्या वाटेवर तिचा मार्तां आहे.

समोरची पालक घेऊन गेली. काकूंनी मेथी पुन्हा हातात घेतली आणि निकाल दिला.

"बाई, मला पटलं. आमच्या वेळी सुट्टी म्हणजे काय? दोघांनी एकत्र निघायचं, एकत्र रांगेत उभं राहायचं, एकत्र कंटाळायचं, अन् घरी येऊन कुणाच्या हट्टापायी गेलो त्यावरून महिनाभर भांडायचं. हे दोघं सकाळी आपापलं करणार, संध्याकाळी एकमेकांना सांगायला काही तरी घेऊन येणार. पण एक सांगून ठेव तिला."

"काय?"

"डिसेंबरात जाऊ नको म्हणावं. तिकडं पाऊस असतो."

हेही बरोबरच. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं परतीचा मान्सून, उन्हाळ्यात दहा वाजताच डांबर तापतं. दोघांच्या सोयीचे महिने जानेवारी आणि फेब्रुवारी.

तेव्हा तुमच्याही घरात एक भाषेचं वेड आणि एक सायकलचं वेड नांदत असेल, तर आधी वर्गाच्या तारखा आणि तुकडीची पातळी विचारा, मग नकाशा उघडा. पहिली पायरी घरीच चढून जा. सायकलवाल्यानं वर्ग सुटायच्या आत खोलीवर परत यायचं नाही आणि शिकणारीनं त्याच्या वेगाची चौकशी करायची नाही. फ्रान्स पुढच्या खेपेला. पहिल्या खेपेला पाँडिचेरी, आणि मराठी माणूस असाल तर वाटेत जिंजी चुकवू नका.

आणि ती चड्डी मागच्या गच्चीवर वाळत घाला.